आईची गर्भाची पिशवी रोबोटने काढायची की साध्या दुर्बिणीने? जरा सविस्तर सांगते

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. आई ४७ वर्षांची, दोन वर्षांपासून पाळीत खूप जातंय, रक्ताच्या गाठी पडतात, सोनोग्राफीत ७ सेंटिमीटरचा फायब्रॉइड, म्हणजे पिशवीतली साधी, कॅन्सर नसलेली गाठ, हिमोग्लोबिन ७.८, आधीची दोन सिझर. एका मोठ्या हॉस्पिटलने रोबोटिकने पिशवी काढा म्हणून सांगितलं, पॅकेज साडेतीन लाख. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या साध्या दुर्बिणीने दीड लाखात होईल. आणि तुम्ही लिहिलंय की आईच्या बाबतीत पैशाकडे बघायचं नाहीये, फक्त रोबोट खरंच जास्त सेफ आहे का ते सांगा, आणि मध्येच मशीन बंद पडलं तर काय.

मी २३ वर्षं गायनॅकच्या शस्त्रक्रिया करतेय. पोट उघडून, खालून म्हणजे योनीमार्गातून, दुर्बिणीने, आणि गेली काही वर्षं रोबोटवरही. म्हणजे मी रोबोटच्या विरोधात नाहीये, मी तो वापरते. पण तुमचा प्रश्न वाचताना मला पहिल्यांदा हेच जाणवलं की तुमच्याकडे क्रम उलटा झालाय. मशीन आधी ठरलं, आणि पिशवी काढायची गरज आहे का, काढायची तर कुठल्या वाटेने, आणि कोणाच्या हातून, हे तिन्ही प्रश्न मागे राहिले. त्यामुळे मी त्याच क्रमाने लिहिते, रोबोट मध्ये येईलच.

पिशवी काढायलाच हवी का? कदाचित हो. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मी ठामपणे हो म्हणू शकत नाही. फायब्रॉइड ७ सेंटिमीटरचा आहे एवढंच कळून उपयोग नाही, तो कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं. पिशवीच्या आतल्या पोकळीत डोकावणारा असेल तर छोटा असूनही प्रचंड रक्तस्राव करतो, आणि बाहेरच्या बाजूला लटकणारा असेल तर १० सेंटिमीटरचा असूनही पाळीवर काहीच परिणाम नसतो, मग रक्तस्रावाचं कारण दुसरंच निघतं, थायरॉइड, पिशवीच्या आतल्या अस्तराची वाढ, किंवा ते अस्तर पिशवीच्या स्नायूत शिरणं, म्हणजे अ‍ॅडिनोमायोसिस. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये हे लिहिलेलं असतं, तो कागद काढून बघा. दुसरं म्हणजे ४७ व्या वर्षी इतकं जात असेल तर आतल्या अस्तराचा तुकडा तपासणं, म्हणजे एंडोमेट्रियल बायॉप्सी, आणि पिशवीच्या तोंडाची पॅप टेस्ट, या दोन गोष्टी शस्त्रक्रियेच्या आधी व्हायलाच हव्यात. त्या झाल्यात का हे तुम्ही लिहिलेलं नाही. झाल्या नसतील तर कुठल्याही ऑपरेशनची तारीख घेऊ नका. का ते खाली कॅन्सरच्या ठिकाणी सांगते.

फायब्रॉइड पाळी गेल्यावर बहुतेक वेळा आक्रसतात, आणि आपल्याकडे पाळी साधारण पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान जाते. म्हणजे काही बायकांना फक्त मधली दोन-तीन वर्षं सांभाळून न्यायची असतात. त्यासाठी रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आहेत, पोकळी वेडीवाकडी झालेली नसेल तर हॉर्मोनवाली कॉपर-टीसारखी मिरेना बसवता येते, गाठ आत डोकावत असेल आणि छोटी असेल तर खालूनच दुर्बीण घालून तेवढीच काढता येते, रक्तवाहिनी बंद करून गाठ सुकवायचा मार्गही आहे. यातलं सगळं सगळ्यांना चालत नाही. तुमच्या आईला यातलं काही देऊन बघितलं का, आणि नसेल तर का नाही, एवढं डॉक्टरांना विचारा. उत्तर व्यवस्थित मिळालं की पिशवी काढायचा निर्णय तुम्हालाही पटेल.

हे मी एवढं लांबण लावून सांगतेय कारण आपल्या राज्यात गरज नसताना पिशव्या काढल्या गेल्यात. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचा प्रश्न गाजला तेव्हा सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, त्यात तिशीतल्या, चाळिशीतल्या कितीतरी. तिथे रोबोट नव्हता, साधी ओपन शस्त्रक्रिया होती. पद्धत कितीही चांगली असो, गरज नसताना काढलेली पिशवी ही चुकीचीच शस्त्रक्रिया.

आता रोबोट म्हणजे नेमकं काय, कारण नावामुळे खूप गैरसमज होतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पेशंटना वाटतं की मशीन स्वतः ऑपरेशन करतं. तसं अजिबात नाही. टेबलापासून काही फुटांवर एक कन्सोल असतो, त्यात मी डोकं घालून बसते, समोर थ्रीडी चित्र दिसतं, दहापट मोठं. दोन्ही हातांची बोटं छोट्या कड्यांमध्ये अडकवलेली, पायाखाली पेडल, एकाने कॅमेरा हलतो, एकाने रक्तवाहिनी जाळता येते. माझं बोट जसं वळेल तसंच पोटाच्या आत ८ मिलिमीटरच्या छिद्रातून गेलेलं हत्यार वळतं. मी डोकं व्ह्यूअरमधून बाहेर काढलं की हत्यारं जागच्या जागी थांबतात, सेन्सर असतो. पेशंटजवळ दुसरी डॉक्टर आणि सिस्टर उभ्या असतात, त्या हत्यारं बदलतात, सक्शन करतात, खालून पिशवी उचलून धरतात. म्हणजे माणसं तेवढीच लागतात, किंबहुना एखादं जास्तच.

फायदा कुठे आहे तर मनगटात. साध्या दुर्बिणीचं हत्यार सरळ काठीसारखं असतं, मागे-पुढे, आजूबाजूला, गोल एवढंच. रोबोटच्या हत्याराला टोकाशी मनगट असतं, त्यामुळे ओटीपोटाच्या खोल कोपऱ्यात टाका घालताना हात हवा तसा वळतो, आणि हाताची थरथर मशीन गाळून टाकतं. तोटा कुठे आहे तर स्पर्शात. आपल्याकडे वापरात असलेल्या बहुतेक मशीनवर हाताला काही जाणवत नाही, आतला भाग मऊ आहे की कडक, धागा किती ताणला गेलाय, काहीच नाही. सगळं डोळ्यांनी ओळखावं लागतं. पेशी ताणल्या की पांढरट पडतात, धागा ताणला की त्याची वळणं सरळ होतात, त्यावरून अंदाज घ्यायचा. मी शिकत असताना ट्रेनिंग मॉडेलवर गाठ मारताना धागा तटकन तुटायचा, कितीतरी वेळा. ते डोळ्यांत बसायला महिने लागतात. म्हणून पुढे सर्जनच्या अनुभवावर एवढा जोर देणार आहे.

मशीन बंद पडलं तर? क्वचित होतं, पण त्याची तयारी असतेच. रोबोटचे हात सोडवून बाजूला करायचे आणि पुढचं काम साध्या दुर्बिणीने किंवा पोट उघडून पूर्ण करायचं. अचानक जोरात रक्तस्राव झाला तरी हेच. चांगल्या ऑपरेशन थिएटरमध्ये टीम याची रंगीत तालीम करते, कोण कुठला हात सोडवणार हे ठरलेलं असतं. तुम्ही डॉक्टरांना सरळ विचारा की रोबोट बाजूला करावा लागला तर पुढचं ऑपरेशन दुर्बिणीने किंवा ओपन तुम्ही स्वतः करू शकता ना. ज्याला फक्त कन्सोलवरच काम येतं त्याच्याकडे आईला देऊ नका.

आता मुख्य प्रश्न, जास्त सेफ आहे का. अमेरिकेत दा विंची रोबोटला गायनॅकच्या शस्त्रक्रियांसाठी २००५ मध्ये परवानगी मिळाली आणि तो झपाट्याने पसरला. मग २०१३ मध्ये तिथे एक मोठा अभ्यास छापून आला, २००७ ते २०१० मधल्या २ लाख ६४ हजारांवर बायकांचा, सगळ्यांची पिशवी कॅन्सर सोडून इतर कारणांसाठी काढलेली. त्या तीन वर्षांत रोबोटचा वापर अर्ध्या टक्क्यावरून साडेनऊ टक्क्यांवर गेला होता. आणि गुंतागुंत? रोबोटिकमध्ये साडेपाच टक्के, साध्या दुर्बिणीत ५.३ टक्के. म्हणजे फरक नाहीच म्हणा ना. रोबोटचा खर्च मात्र दर शस्त्रक्रियेमागे साध्या दुर्बिणीपेक्षा दोन हजार डॉलरहून अधिक. त्याच वर्षी तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी जाहीर सांगितलं की पिशवी काढण्यासाठी रोबोट हा एकमेव किंवा सर्वांत चांगला मार्ग नाही. मी जे रोज बघते तेही याच्याशी जुळतं. पोट उघडण्यापेक्षा दुर्बीण आणि रोबोट दोन्ही नक्की बरे, वेदना कमी, दुसऱ्या दिवशी चालणं-फिरणं, लवकर घरी. पण साध्या केसमध्ये दुर्बीण आणि रोबोट यांत पेशंटला जाणवेल असा फरक नसतो.

आणि एक वाट तुम्हाला कोणी सांगितलेलीच दिसत नाही, खालून पिशवी काढणं. पोटावर एकही छिद्र नाही, खर्च सर्वांत कमी, आणि जमत असेल तर तोच पहिला मार्ग मानला जातो, आमच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांतही. लोकांना वाटतं पिशवी खाली उतरलेली असेल तरच खालून निघते, तसं नाही. सिझर झालेलं असेल तर खालून जमत नाही हेही पूर्ण खरं नाही. मुंबईचे डॉ. शिरीष शेठ यांनी आयुष्यभर हेच शिकवलं, सिझरनंतर मूत्राशय पिशवीला चिकटलेलं असतं तेव्हा मधून जोर न लावता बाजूच्या मोकळ्या जागेतून कसं शिरायचं ते. ती जागा सर्जन लोक आजही वापरतात, दुर्बिणीतसुद्धा. तुमच्या आईची पिशवी हातानं तपासताना मोकळी हलतेय का, खालची जागा पुरेशी आहे का, यावर ते ठरेल. हे सोनोग्राफीवरून किंवा फोनवरून सांगता येत नाही, आईला टेबलावर झोपवून तपासावं लागतं. कोणी आतून तपासलंय का हे आईला विचारा, मुलाला सांगायला तिला संकोच वाटेल, तर बहिणीला किंवा मावशीला विचारायला सांगा.

मग मी रोबोट कधी घेते? एक केस सांगते, ओळख पटेल असं काही लिहित नाही. चाळिशीतल्या बाई, वजन ११० किलोच्या पुढे, दोन सिझर, दोन्ही ओव्हरींवर जुन्या रक्ताच्या गाठी, म्हणजे चॉकलेट सिस्ट, आणि एंडोमेट्रिओसिसमुळे, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारख्या पेशी पिशवीबाहेर वाढल्यामुळे, मोठं आतडं पिशवीच्या मागे असं चिकटलेलं की मधली जागाच उरली नव्हती. जाड पोटाच्या भिंतीतून साध्या दुर्बिणीची हत्यारं वळवताना सर्जनचा खांदा अक्षरशः भिंतीशी कुस्ती खेळतो, दोन तासांनी हात थकतो आणि थकलेल्या हातानं आतड्याजवळ काम करू नये. रोबोटचा हात त्या भिंतीचं वजन स्वतः पेलतो. त्या दिवशी मी आतडं पिशवीपासून एकेक धागा सोडवत वेगळं केलं, मूत्रवाहिनी, म्हणजे किडनीकडून मूत्राशयाकडे जाणारी नळी, वरून खालपर्यंत उघडी करून बघितली, पिशवीची रक्तवाहिनी तिच्यावरून पुलासारखी जाते तिथपर्यंत. पिशवीच्या तोंडाजवळ ही नळी जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवर असते, आणि या शस्त्रक्रियेत सर्वांत जास्त भीती तिचीच. चार तास लागले. तिथे रोबोट नसता तर बहुधा मला पोट उघडावं लागलं असतं, आणि तेवढ्या वजनात पोटाची मोठी जखम म्हणजे पू होणं, हर्निया, सगळंच आलं. अशा बाईला मी रोबोटचे पैसे खर्च करा म्हणून आग्रहाने सांगते. तरुण मुलीच्या बऱ्याच गाठी काढून पिशवी ठेवायची असेल, थरावर थर टाके घालायचे असतील, किंवा जास्त वजनाच्या बाईला पिशवीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर असेल, तिथेही मला त्याचा उपयोग वाटतो.

कॅन्सरचा विषय निघालाच तर बायॉप्सी आणि पॅपवर मी एवढी का अडून बसलेय ते. अस्तराचा कॅन्सर निघाला तर दुर्बीण किंवा रोबोट चालतो, पण शस्त्रक्रियेचा आराखडाच बदलतो आणि ती कॅन्सरच्या सर्जननेच करायला हवी. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला तर गोष्ट अगदी वेगळी. २०१८ मध्ये ६३१ बायकांवरचा एक अभ्यास आला, सुरुवातीच्या टप्प्यातला कॅन्सर, अर्ध्या जणींची ओपन आणि अर्ध्या जणींची दुर्बिणीने किंवा रोबोटने. साडेचार वर्षांनी ओपनवाल्यांपैकी ९६.५ टक्के रोगमुक्त, दुसऱ्या गटात ८६ टक्के. आम्ही सगळे हादरलो होतो, कारण सगळ्यांना उलटं वाटत होतं. तेव्हापासून त्या कॅन्सरसाठी ओपन हाच नेहमीचा मार्ग झाला. म्हणजे छोटी छिद्रं म्हणजे नेहमीच चांगलं असं नसतं. आणि याच कारणासाठी, फायब्रॉइडवाली पिशवी मोठी असेल आणि आत तुकडे करून काढणार असतील तर ती प्लास्टिकच्या बंद बॅगमध्ये घालूनच तुकडे करणार ना, हे विचारा. फायब्रॉइड समजून काढलेल्या गाठीत क्वचित लपलेला सार्कोमा, म्हणजे स्नायूचा कॅन्सर, निघतो आणि उघड्यावर तुकडे केले तर तो पोटभर पसरू शकतो. ७ सेंटिमीटरला बहुतेक वेळा तशी गरज पडत नाही, अख्खी पिशवी खालून निघते.

पैशाबद्दल. आईसाठी पैसे बघायचे नाहीत असं तुम्ही म्हणता, त्यामागची माया मला समजते, रोज माझ्या केबिनमध्ये मुलं-मुली हेच म्हणतात. पण जास्त पैसे म्हणजे आईची जास्त काळजी असं गणित इथे बसत नाही. वरचे दोन लाख कशाचे आहेत ते बघा, मशीन करोडो रुपयांचं, त्याची वर्षाची देखभाल, आणि हत्यारं ठराविक वेळाच वापरता येतात, मोजणी संपली की मशीनच ते हत्यार घेत नाही. तो खर्च पेशंटमध्ये वाटला जातो. मी पूर्वी एका हॉस्पिटलला जायचे, तिथे नवीन मशीन आल्यावर महिन्याला किती केस रोबोटवर झाल्या याची मीटिंग व्हायला लागली, खालून अर्ध्या-पाऊण तासात निघणाऱ्या पिशव्या रोबोटवर जायला लागल्या. मला ते सहन झालं नाही, मी तिथलं काम सोडलं. सगळीकडे असं असतं असं मी म्हणत नाही. तुम्ही फक्त विचारा की माझ्या आईच्या बाबतीत रोबोटने नेमकं काय जास्त मिळणार, आणि उत्तरात आईच्या पोटातलं काहीतरी यायला हवं, चिकटलेलं, वजन, गाठीची जागा. नुसतं लेटेस्ट टेक्नॉलॉजी हे उत्तर नाही.

इन्शुरन्स असेल तर पॉलिसीत मॉडर्न ट्रीटमेंट नावाचा भाग वाचा. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या नियमांमुळे रोबोटिक शस्त्रक्रिया कंपन्यांना सरसकट नाकारता येत नाही, पण त्यावर मर्यादा घालता येते, त्यामुळे पाच लाखांची पॉलिसी असूनही रोबोटिकला त्यातला ठराविकच भाग मिळतो आणि उरलेले पैसे डिस्चार्जच्या दिवशी तुमच्या अंगावर येतात. विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या टीपीएकडून आधी लेखी घ्या.

तर दोघांपैकी कोणाकडे जायचं? वजन खूप नसेल, एंडोमेट्रिओसिस नसेल, पिशवी हलती असेल, तर मी माझ्या आईला खालून किंवा साध्या दुर्बिणीने करणाऱ्या, हात बसलेल्या डॉक्टरकडे नेलं असतं. दोन सिझर हे एकटं कारण रोबोटसाठी मला पुरेसं वाटत नाही, पण तपासताना पिशवी पुढच्या पोटाला घट्ट चिकटलेली वाटली तर माझं मत बदलेल. दोघांनाही हेच विचारा: अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः केल्यात, सिझर झालेल्या किती, त्यातल्या कितीत पोट उघडावं लागलं, मूत्राशयाला किंवा मूत्रवाहिनीला इजा झाली तर ती दुरुस्त करायला कोण येतं. चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही. आणि ओव्हरी ठेवणार ना, हे कन्सेंटवर सही करण्याआधी विचारा. ४७ व्या वर्षी चांगल्या ओव्हरी उगाच काढू नयेत, हाडं आणि हृदय दोन्हीला त्यांचा आधार असतो, फक्त गर्भनलिका काढल्या तर पुढे ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, त्याबद्दल बोलून घ्या.

कुठल्याही पद्धतीने केलं तरी आतले टाके तेच असतात. बाहेरची छिद्रं आठ दिवसांत भरतात म्हणून आई पंधराव्या दिवशी पाण्याची कळशी उचलायला जाईल, तिला थांबवा. आतली जखम पक्की व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर जड उचलणं नाही, शरीरसंबंध नाही, हे वडिलांनाही कोणीतरी सांगायला हवं. ताप, कमरेत एका बाजूला दुखणं, खालून पाण्यासारखं सतत गळणं, अचानक जास्त रक्त, यातलं काही झालं तर फोन न करता सरळ हॉस्पिटल.

आता आज काय करायचं ते. ७.८ हिमोग्लोबिनवर ठरवून करायची शस्त्रक्रिया कोणीच घाईने करू नये. रोबोट आणि दुर्बीण दोन्हीत पोटात गॅस भरून डोक्याकडची बाजू बरीच खाली करतात, भूल देणाऱ्या डॉक्टरांना हृदय-फुप्फुसावर तो ताण चालवून घ्यावा लागतो, रक्त इतकं कमी असताना ते नको. जवळच्या डॉक्टरांकडून शिरेतून आयर्न घ्या, फेरिक कार्बोक्सिमाल्टोज नावाचं येतं, एका वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंत, पंधरा-वीस मिनिटांत होतं. पाळी थांबवायला किंवा कमी करायला गोळ्या किंवा इंजेक्शन तेच देतील, नाहीतर आयर्न एकीकडून जाणार आणि दुसरीकडून वाहणार. तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन १० च्या वर येतं, तोवर बायॉप्सी आणि पॅपचे रिपोर्ट हातात येतात. आईला दम लागत असेल, चक्कर येत असेल, तासाला एक पॅड भरत असेल, तर मात्र वाट बघू नका, आजच अ‍ॅडमिट करा आणि रक्त द्या. रिपोर्ट आले की सोनोग्राफीतली गाठीची जागा, आईचं वजन आणि आतून तपासल्यावर डॉक्टर काय म्हणाले ते लिहा, मी बघते.